सतराव्या लेण्यात आई काय म्हणाली

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढले आहेत):

मी ४४ वर्षांचा, अमळनेर-पारोळा भागात राहतो, बँकेत नोकरीला आहे. घरी ७२ वर्षांची आई, पत्नी, दहावीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. शाळेत माझा चित्रकलेचा हात चांगला होता. इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड होती, पण वडिलांनी पुढे शिकू दिलं नाही. आपल्या मुलांना तरी कलेची गोडी लागावी म्हणून दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सगळ्यांना कुठे ना कुठे घेऊन जातो. दिवाळीनंतर अजिंठ्याला गेलो. दुपारपर्यंत सगळी लेणी, मग जळगावला गांधीतीर्थ हे गांधीजींवरचं संग्रहालय, संध्याकाळी मेहरूण तलाव असं ठरवलं होतं. आठ दिवस वाचून गेलो होतो, प्रत्येक लेण्यात माहिती सांगत होतो. मुलगी मोबाइलमध्ये, मुलगा सारखा 'अजून किती राहिली?' पत्नी पाचव्या लेण्यानंतर बाहेर कठड्यावर बसली ती उठलीच नाही. सतराव्या लेण्यात मी काळ समजावत होतो, तर आई एका चित्राकडे बोट करून मध्येच म्हणाली, 'माय पोऱ्याले पुढे करी ऱ्हायनी. जाय रे भाऊ, माग तुना बापजोडे.' (आई मुलाला पुढे करतेय. जा रे भाऊ, माग तुझ्या बापाकडे.) मागे गर्दी होती, मी 'आई, नंतर' म्हणालो. परतताना पहूरच्या अलीकडे सीताफळांची पाटी दिसली म्हणून पत्नीने आणि मुलीने गाडी थांबवायला लावली. अर्धा तास तिघं रस्त्याच्या कडेला बसून सीताफळं खात, बिया लांब कोण थुंकतं म्हणून हसत होती. मी तीनदा हॉर्न वाजवला. गांधीतीर्थ राहूनच गेलं. घरी आल्यावर पत्नी म्हणाली, 'तुम्ही आम्हाला फिरायला नेत नाही, परीक्षेला बसवता.' आई आता बाहेर यायलाच नाही म्हणते. माझ्या माणसांना चांगल्या गोष्टींची आवड नाही, तर ती लावायची कशी? एकट्यानेच जायला लागलो तर तो स्वार्थीपणा होईल का? की हे सगळं बंदच करू?

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेऊन एकच गोष्ट शोधत गेले: अजिंठ्यात तुम्हाला स्वतःला काय आवडलं? चार पानांत ते कुठे सापडलं नाही. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या वेळी लेणी कशी दिसली, १९८३ साली ती जागतिक वारशाच्या यादीत कशी गेली, जुनी लेणी कोणती आणि वाकाटकांच्या काळातली कोणती, हे सगळं पत्रात आहे आणि बरोबरही आहे. पण अमुक भिंतीपाशी पाय थबकले, तमुक रेष बघून छातीत काहीतरी हललं, असं एकही वाक्य नाही. इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड मिळवलेला माणूस पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभा राहतो आणि त्याच्या भुवईच्या रेषेबद्दल अवाक्षर लिहीत नाही, याचं मला फार वाईट वाटलं. तीस वर्षं जे मनात धरून ठेवलं होतं त्याच्यासमोर तुम्ही जाऊन पोचलात, आणि चित्राकडे पाठ करून उभे राहिलात. माहिती सांगणाऱ्याला तोंड माणसांकडेच ठेवावं लागतं ना.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी उलट्या बाजूने देणार आहे. घरच्यांना आवड कशी लावायची हे नंतर बघू. त्या दिवशी तुमच्या घरातल्या पाच जणांपैकी चित्र कोणी पाहिलं, ते आधी बघू. माझ्या हिशोबाने एकाच माणसाने पाहिलं. तुमच्या आईंनी.

सतराव्या लेण्यात गाभाऱ्याजवळच्या भिंतीवर ते चित्र आहे. भिक्षापात्र घेतलेले बुद्ध खूप मोठे, जवळजवळ भिंतभर, आणि त्यांच्या पुढ्यात एक बाई आणि तिचं मूल, दोघंही लहानशी. बाई मुलाच्या पाठीशी आहे, दोघांचे चेहरे वर वळलेले. ती यशोधरा, तो राहुल. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध कपिलवस्तूला आले तेव्हा यशोधरेने मुलाला सांगितलं, हे तुझे वडील, जा, तुझा वारसा माग त्यांच्याकडे. भाऊ, आता तुमच्या आईंचं वाक्य पुन्हा वाचा. 'जाय रे भाऊ, माग तुना बापजोडे.' त्यांना कथा माहीत नव्हती. कोणी सांगितलेली नव्हती, तुम्ही त्या क्षणी शतकांविषयी बोलत होतात. पंधराशे वर्षांपूर्वी कोणा चिताऱ्याने त्या बाईच्या उभं राहण्यात आणि मुलाच्या वर बघण्यात जे भरलं होतं, ते अंधाऱ्या लेण्यात, गर्दीत, दुखत्या गुडघ्यांनी उभ्या असलेल्या एका म्हातारीने नुसत्या डोळ्यांनी वाचून काढलं. तेही आपल्या बोलीत. चित्रं बघण्याचं शिक्षण घेतलेल्या माणसांबरोबर मी त्या भिंतीपुढे उभी राहिले आहे. इतकं नेमकं बोललेलं मी कोणाकडून ऐकलेलं नाही.

आणि तुम्ही 'आई, नंतर' म्हणालात. ते 'नंतर' अजून आलेलं नसावं, नाहीतर पत्रात त्याविषयी काही असतं.

हे तुम्हाला खजील करायला लिहीत नाही. 'माझ्या माणसांना आवड नाही' हे तुमचं वाक्य पत्रात तीनदा आलं आहे, आणि ते ज्या पायावर उभं आहे तो पायाच कच्चा आहे, एवढंच दाखवायचं होतं. आवड म्हणजे काय, हे आपण बहुतेक जण शाळेत शिकतो. सन, राजवट, शैली. ते वाईट नाही, मला स्वतःला त्यात रस आहे. पण अहिराणीत आलेली दाद आपल्याला दाद वाटत नाही, ती मध्येच बोलणं वाटते. आपल्या खान्देशात तर असं व्हायला नको. असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्यांना जे सुचलं ते मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्या माणसांनी टिपून ठेवलं म्हणून राहिलं. १९५१ साली त्या गेल्या आणि त्यानंतर ती गाणी महाराष्ट्राच्या हातात पडली. त्या घरातही कोणी 'आई, नंतर' म्हणून सोडून दिलं असतं तर?

आता तुमच्या पत्नीविषयी. त्या पाचव्या लेण्यानंतर कठड्यावर बसल्या, याची तुम्ही तक्रार केली आहे. त्या दिवशी पहाटे त्या किती वाजता उठल्या होत्या, याचा पत्रात उल्लेख नाही. पाचला निघायचं होतं आणि सव्वासहा झाले, असं तुम्ही पुढे एका ठिकाणी लिहिलंत. तो सव्वा तास कशात गेला असेल, याचा अंदाज मला आहे, कारण मीही पाच जणांचा डबा बांधून घराबाहेर पडलेली बाई आहे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आईंसाठी वेगळं बिनतिखटाचं काही, पाण्याच्या बाटल्या, मुलाचे जादा कपडे, गॅसचं बटण, दूधवाल्याला निरोप. मग गाडीत सव्वाशे किलोमीटर मागच्या सीटवर मुलाला ओकारी येऊ नये म्हणून लिंबू धरून बसायचं. फर्दापूरला गाडी लावली की बसने पायथा, मग पायऱ्या, त्यात एका हाताला सासूबाई. पाचव्या लेण्यापर्यंत ही बाई पोचली हीच मोठी गोष्ट आहे. कठड्यावर बसलेली ही बाई त्या दिवसात पहिल्यांदा टेकली असेल.

आणि तिथून काय दिसतं ते तुम्ही पाहिलंत का? वाघूर नदीने तो डोंगर घोड्याच्या नालासारखा कापलेला आहे. समोरचा कडा, खाली पात्र, वर घारी. भिक्षूंनी ही जागा उगीच नाही निवडली. तुमच्या पत्नीने तासभर ते पाहिलं असेल, किंवा डोळे मिटून वारा घेतला असेल. त्यांना विचारा. खरंच विचारा, 'तू तिथे बसून काय बघत होतीस?' आणि उत्तर 'काही नाही' असं आलं तर तेही मान्य करा. काही न बघता बसायला मिळणं ही आपल्याकडच्या बायकांना क्वचित मिळणारी चैन आहे.

सीताफळांचा अर्धा तास तुम्ही वाया गेलेल्या वेळात धरलात. तुमची दहावीतली मुलगी, जी दिवसभर मोबाइलमधून मान वर काढत नव्हती, ती त्या अर्ध्या तासात मोबाइल बाजूला ठेवून बिया थुंकत होती. सीताफळ खाताना मोबाइल धरताच येत नाही, दोन्ही हात चिकट होतात. आई, बहीण, भाऊ रस्त्याच्या कडेला, बोटं पांढरी, हनुवटीवर गर, आणि सहा फुटांवर तुम्ही स्टिअरिंगमागे. गाडीतून उतरून एक फळ फोडायला तुम्हाला काय अडचण होती? घड्याळ. गांधीतीर्थ बंद होईल. पण ते २०१२ पासून तिथे आहे आणि पुढच्या महिन्यातही असणार आहे. सीताफळाचा मोसम मात्र दिवाळीच्या पुढेमागे संपतो, आणि मुलीची बी थुंकण्याची वर्षंही फार उरलेली नाहीत. दहावीनंतर ती कुठे शिकायला जाईल कोण जाणे.

इथे मला माझ्या वडिलांची एक आठवण सांगावीशी वाटते. आम्ही भुसावळचे, वडील रेल्वेत. मी आठ-नऊ वर्षांची असताना एका रविवारी त्यांनी मला सायकलवर पुढे बसवून तिथल्या ख्रिश्चन दफनभूमीत नेलं. एका कबरीपाशी सायकल लावली, टोपी काढली आणि नुसते उभे राहिले. मी शेंगा खात होते. टरफलं फ्रॉकच्या खिशात ठेवायची, खाली टाकायची नाहीत, एवढंच ते मला बोलले. पाचेक मिनिटांनी टोपी घातली, आम्ही घरी आलो. ती कबर रॉबर्ट गिल यांची होती हे मला खूप वर्षांनी कळलं. १८४४ साली या सैनिकी अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमलं. त्याने वर्षानुवर्षं लेण्यांच्या अंधारात बसून मोठमोठी चित्रं रंगवली, ती लंडनला गेली, आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातली बहुतेक जळून खाक झाली. म्हातारपणी तो पुन्हा नकला करायला बसला. १८७९ साली गेला आणि आपल्या भुसावळात पुरला गेला.

वडिलांनी यातलं काहीही मला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी शेंगा खात ऐकलं असतं आणि विसरले असते. लक्षात राहिलं ते हे की माझा बाप, जो रेल्वेच्या ड्युटीवरून आला की फक्त झोपायचा, तो कुठल्यातरी दगडापुढे टोपी काढून उभा राहिला होता. त्या दगडात काय आहे, हा प्रश्न मला पुढे सोडेना. अजिंठ्याच्या वाटेला मी लागले ती तिथून.

तुमची मुलं चित्र बघत नसतील, पण तुम्हाला बघत आहेत. त्यांना त्या दिवशी काय दिसलं? घाईत असलेला, थोडा चिडलेला, सारखं घड्याळ बघणारा बाप. त्यांनी साहजिकच असं ठरवलं की लेणी ही चिडचिड करणारी गोष्ट असावी. याउलट एखाद्या भिंतीपुढे तुम्ही वीस मिनिटं गप्प उभे राहिलेले दिसलात, तर मुलगा कंटाळेल, पायरीवर बसेल, बुटाची नाडी सोडेल-बांधेल, आणि कधीतरी विचारेल, 'पप्पा काय बघता?' तेव्हाही लगेच भाषण सुरू करू नका. 'ये, हे बघ' इतकंच पुरे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, एकट्याने जाण्याचा. जा. निःसंकोच जा. यात स्वार्थ नाही, आणि थोडा असला तरी त्याची तुम्हाला गरज आहे. वडिलांनी शिकू दिलं नाही ही तुमची जखम आहे. ती भरून काढण्याचं काम तुम्ही दोन लेकरांवर टाकलं आहे आणि ते त्यांच्या आवाक्यातलं नाही. तुमची भूक तुम्हीच भागवायला हवी. एक दिवस रजा काढा, एसटीने जळगाव, तिथून अजिंठ्याची गाडी. फक्त दोन लेणी ठरवा, पहिलं आणि सतरावं. आत शिरल्यावर पाच-दहा मिनिटं काही बघायचा प्रयत्नच करू नका, डोळे अंधाराला सरावू द्या. बाहेरच्या उन्हातून आलेल्या माणसाला तिथे आधी नुसता काळोख दिसतो, आणि नेमक्या त्याच वेळात बहुतेक पर्यटक फोटो काढून बाहेर पडलेले असतात. मग हळूहळू गेरूचा तांबडा वर येतो, पिवळा येतो, काजळाची रेष येते, आणि दूर अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दाचा निळा कुठे कुठे चमकतो. फ्लॅश चालत नाही, आणि खरं म्हणजे त्या दिवशी मोबाइल खिशातच राहू द्या. घरी आल्यावर रात्री कागद घ्या आणि जे आठवतं ते काढा. तीस वर्षांनी हात थरथरेल, रेष वाकडी जाईल. जाऊ द्या. तुमच्या मुलांनी तुम्हाला चित्र काढताना कधी पाहिलं आहे का? मला शंका आहे.

मात्र एक अट माझ्याकडून. तुम्हाला एक दिवस, तर तुमच्या पत्नीलाही एक दिवस. त्यांनी माहेरी जावं, मैत्रिणीकडे जावं, घरात झोपून राहावं, त्यांची मर्जी. त्या दिवशी मुलांचं आणि आईंचं जेवण तुमच्याकडे. खिचडी चालेल. हा हिशोब जुळला तर एकट्याने जाण्याची तुम्हाला टोचणी लागणार नाही आणि त्यांनाही तुमच्या जाण्याचा राग येणार नाही. अनेक वाचकांची अशा अर्थाची पत्रं येतात. कोणाला गाण्याच्या मैफलीला जायचं असतं, कोणाला गडावर, आणि घरचे येत नाहीत म्हणून ही माणसं आतल्या आत कुढत बसतात किंवा घरच्यांना ओढत नेतात. दोन्हींत घर दुःखी होतं. प्रत्येकाने स्वतःचा तुकडा वेगळा काढून घ्यावा, म्हणजे एकत्र जायच्या दिवशी कोणी उपाशी नसतं.

एकत्र जायचे दिवस बंद करू नका. फक्त ते आखताना तुमचा हात थोडा सैल सोडा. दिवसाला एकच ठिकाण, ही पहिली गोष्ट. आणि ठिकाण प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाने ठरवायचं, चौथीतल्या मुलानेसुद्धा. त्याने कुठलंतरी वॉटर पार्क सांगितलं तर निमूट जायचं आणि तिथे पाण्यात उतरायचं. आईंची पाळी आली की त्या बहुधा एरंडोलजवळचं पद्मालय सांगतील. गणपती होतो, कमळांच्या तळ्याकाठी बसता येतं, दुपारी घरी परत. पत्नीने 'कुठेच नको' म्हटलं तर शेतावर जा. थंडीत पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजा, वेळ कसा गेला कळणार नाही.

तुमची पाळी आली तर माझं एक सुचवणं आहे, चाळीसगाव. स्टेशनजवळ केकी मूस यांचं राहतं घर आता कलादालन आहे. हा माणूस पन्नासेक वर्षं त्या घरात जवळजवळ कोंडून घेतल्यासारखा राहिला आणि चित्रं, शिल्पं, कागदाच्या घड्या, छायाचित्रं करत राहिला. १९८९ साली तिथेच गेला. ते घर छोटं आहे, माणूस दमत नाही, ही त्यातली मोठी सोय. पण मी ते सुचवते आहे तुमच्या मुलांसाठी. त्यांच्या टेबलटॉप छायाचित्रांत टेबलावर छोट्या-छोट्या वस्तू मांडून, उजेड हवा तसा पाडून, मोठ्या देखाव्याचा आभास उभा केलेला असतो. हे बघून आलात की त्या रात्री लाइट घालवा, टॉर्च घ्या, रवा, साबुदाणा, काडेपेटी, मुलाच्या गाड्या जेवणाच्या टेबलावर काढा आणि मुलीच्या हातात तिचाच मोबाइल द्या. ज्या यंत्राशी तुमचं भांडण आहे त्यानेच ती फोटो काढेल. मुलगा रव्याचं बर्फ करेल. घर घाण होईल, ते सकाळी तुम्ही झाडा.

पोरांना कधी पुन्हा अजिंठ्याला नेलंच, तर मुलाला एकच काम द्या. पहिल्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरली आहेत आणि चौघांना मिळून डोकं एकच आहे. कुठल्याही हरणाकडे बघा, ते डोकं त्याचंच वाटतं. 'शोधून काढ' म्हणा आणि गप्प बसा. त्याने एवढंच पाहून बाहेर येऊन वेफर्स खाल्ले तरी त्याचं अजिंठा झालं. सगळी लेणी बघितलीच पाहिजेत हा नियम कोणी केला? आईंसाठी पायथ्याशी डोलीवाले असतात, त्यांच्याशी भाव ठरवून घ्या, गुडघे वाचतील. आणि मे महिन्यात तर मुळीच नेऊ नका, आपल्याकडचं ४४-४५ अंशांचं ऊन आणि तो तापलेला दगड म्हणजे शिक्षाच. श्रावण-भाद्रपदात वाघूर वाहत असते, किंवा मग थंडीत.

पण या सगळ्याच्या आधी एक काम आजच संध्याकाळी करा. आईंजवळ बसा आणि त्यांना ते 'नंतर' द्या. मोबाइलवर त्या चित्राचा फोटो मोठा करून दाखवा आणि विचारा, 'आई, त्या दिवशी तू काय म्हणत होतीस?' त्या आधी 'काही नाही रे' म्हणतील. थांबा. मग त्यांना सांगा की ही चित्रं काढण्याआधी कातळावर मातीत भुसा कालवून लिंपण केलं होतं, वरून चुन्याचा हात दिला होता. तुमच्या आईंच्या पिढीतल्या बाईने आयुष्यात किती भिंती लिंपल्या असतील! माती कुठली घ्यायची, भुसा किती, भेगा का पडतात, हे त्या तुम्हाला सांगतील, आणि ते तुमच्या आठ दिवसांच्या वाचनात नसेल. त्यातून कदाचित आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावरच्या गाण्यांवर जातील, कानबाईच्या उत्सवातल्या रात्रीवर जातील. मुलगी जवळपास असेल तर तिला रेकॉर्डिंग सुरू करायला सांगा. त्या सन चुकतील, नावं चुकतील, एकाचं दुसऱ्यात मिसळतील. दुरुस्त करू नका.

त्यांनी त्या बाईला ओळखलं कशावरून, हे मला फार जाणून घ्यायचं आहे. त्यांनीही कधी तुम्हाला पाठीवर हात ठेवून तुमच्या वडिलांपुढे उभं केलं होतं का, चित्रकलेला जाऊ द्या म्हणून? पत्रात त्याबद्दल काही नाही. तुम्हाला आठवत नसेल, त्यांना आठवत असेल.

आणि रजा टाकताना सोमवारची टाकू नका, सोमवारी लेणी बंद असतात. मंगळवार बरा, गर्दीही कमी असते. येताना पहूरच्या अलीकडे सीताफळवाली दिसली तर घरच्यांसाठी पाटीभर घेऊन या.

तुमची,
ताई